पिवळ्या दिव्याचें निदान

घरांतील वडीलधाऱ्या माणसांनीं मोटारीच्या यंत्राविषयीं बोलूं नये, असें आमच्या घरच्या तरुण मंडळींचें मत आहे. आणि तें पुष्कळ अंशीं खरेंही आहे. आमचें आयुष्य शब्दांचीं रूपें चालविण्यांत गेलें, मोटार चालविण्यांत नव्हे. तथापि गेल्या मार्गशीर्षांत आमच्या मुलुंडच्या बिऱ्हाडीं असा एक प्रसंग घडला कीं, त्यामुळें इंजिनाविषयीं आम्हांस चार गोष्टी शिकाव्या लागल्या, आणि त्या शिकतां शिकतां घराविषयींही एक गोष्ट कळून आली. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं आतां मोटार आहे. तेव्हां हा प्रसंग येथें सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं, असें वाटतें.

नाशिकास आमच्या मावशींचें सहस्रचंद्रदर्शन ठरलें होतें. आमची गाडी पेट्रोलवर चालणारी, दहा वर्षांची. थोरले चिरंजीव कामानिमित्त परगांवीं असल्यामुळें गाडी सूनबाई चालवीत होत्या. शेजारीं आम्ही, मागें आमचें कुटुंब, धाकटे चिरंजीव आणि नातू. ठाणें, भिवंडी, पडघें मागें पडलें, आणि शहापूर ओलांडल्यावर सूनबाईंच्या समोर डॅशबोर्डावर इंजिनाच्या आकृतीचा एक पिवळा दिवा लागला. "चेक इंजिन लागला," एवढेंच त्या म्हणाल्या. मागून कुटुंबानें विचारलें, "म्हणजे काय ग? परत फिरायचें का?" धाकटे चिरंजीव एरवीं यंत्रांविषयीं बोलूं लागले म्हणजे थांबत नाहींत, त्या वेळीं मात्र ते खिडकीबाहेर पाहत राहिले. ही गोष्ट आमच्या तेव्हां ध्यानांत आली नाहीं.

सूनबाईंनीं गाडी कडेला घेतली. तेलाचा तांबडा दिवा लागलेला नाहीं, उष्णतेचा कांटा मध्यावर आहे, इंजिनाचा आवाज बदललेला नाहीं, हें सर्व त्यांनीं शांतपणें पाहिलें. मग म्हणाल्या, "अण्णा, दिवा पिवळा आहे आणि स्थिर आहे. तेलाचा किंवा उष्णतेचा तांबडा दिवा असता तर मी इंजिन बंद करून येथेंच बसलें असतें. आपण सावकाश जाऊं." आम्हीं संमति दिली.

कसाऱ्याचा घाट सुरू झाला आणि निम्म्या चढावर गाडीनें झटके द्यावयास आरंभ केला. इतका वेळ स्थिर असलेला दिवा आतां लुकलुकूं लागला. रुंद जागा पाहून सूनबाईंनीं पुन्हां गाडी थांबविली. दिवा लुकलुकणें हें स्थिर दिव्याहून फार गंभीर होय, असें त्यांनीं सांगितलें; अशा वेळीं गाडी रेटली तर एका किरकोळ बिघाडाचे दोन मोठे बिघाड होतात. थोडा वेळ थांबून, खालच्या गिअरांत, इंजिनावर शक्य तितका कमी भार देत त्यांनीं गाडी इगतपुरीस आणली. सपाटीवर दिवा पुन्हां स्थिर झाला. समारंभ निर्विघ्न पार पडला, आणि दुसरे दिवशीं उतारानें आम्ही मुलुंडास सुखरूप परतलों.

हा दिवा म्हणजे आहे तरी काय? आमच्या पिढीनें पाहिलेल्या गाड्यांत तो नव्हता. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत ज्या पद्मिनी गाड्या तयार होत, आणि ज्यांच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींनीं २०२३ च्या ऑक्टोबरांत मुंबईच्या रस्त्यांचा निरोप घेतला, त्या गाड्यांचा रोग मिस्त्री कानानें ओळखीत असे. स्क्रू-ड्रायव्हरचें टोंक इंजिनावर आणि मूठ कानाशीं लावून तो डोळे मिटी आणि कोठें काय बिघडलें आहे तें सांगे. आतां इंजिनाचे कान इंजिनांतच बसविलेले आहेत.

परंतु या दिव्याचा जन्म इंजिनाच्या काळजीपोटीं झालेला नसून हवेच्या काळजीपोटीं झालेला आहे. अमेरिकेंत लॉस एंजेलिस शहरावर धुरकट झांकोळ पसरून लोकांचे डोळे झोंबत असत. १९५० च्या सुमारास हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञानें दाखवून दिलें कीं, मोटारींतून बाहेर पडणारें न जळलेलें इंधन आणि नायट्रोजनचीं ऑक्साइडें यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हा झांकोळ उत्पन्न होतो. पुढें कॅलिफोर्निया राज्यानें १९८८ च्या गाड्यांपासून अशी अट घातली कीं, धूर स्वच्छ ठेवणारीं साधनें नीट चालतात कीं नाहीं हें गाडीनें स्वतःच तपासावें, आणि न चालल्यास दिवा लावून चालकास कळवावें. १९९६ पासून अमेरिकेंतील सर्व नव्या मोटारगाड्यांस बिघाडांची एकच सांकेतिक भाषा सक्तीची झाली. आपल्याकडे १९९५ च्या एप्रिलपासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल-गाड्यांस धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि त्यासाठीं शिसें नसलेलें पेट्रोल आलें. १ एप्रिल २०१० पासून मुंबई धरून तेरा शहरांत भारत स्टेज ४ चे नियम लागू झाले, आणि त्यांबरोबरच गाडीच्या आत्मपरीक्षणाची ही पद्धति आली. २०१३ च्या एप्रिलपासून ती अधिक कडक झाली. १ एप्रिल २०२० पासून सर्व देशांत भारत स्टेज ६ चे नियम आहेत.

आत्मपरीक्षण कसें चालतें, याचें एकच उदाहरण देतों. आमच्या गाडीच्या इंजिनांत चार सिलिंडर आहेत. इंजिनाचा मुख्य दंड मिनिटास ३,००० वेळां फिरत असेल, तर या चौघांत मिळून सेकंदास शंभर स्फोट होतात. प्रत्येक स्फोटानें दंडास एक बारीकसा रेटा बसतो. एक स्फोट हुकला कीं दंड किंचित् मंदावतो, आणि दंडाजवळ बसविलेलें साधन तेवढी मंदी टिपून कोणत्या सिलिंडरची पाळी चुकली हें सांगतें. वर्गांत चाळीस मुलें एका सुरांत पाढे म्हणत असतां कोणतें मूल नुसते ओंठ हालवीत आहे, हें जुन्या मास्तरास पाठमोऱ्यानेंही कळे. तशांतलाच हा प्रकार. मात्र यंत्र उतावळें नसतें. एकदां चूक झाली म्हणून तें लगेच दिवा लावीत नाहीं. बहुधा पुढच्या फेरींतही तीच चूक आढळली म्हणजे लावतें. उलट लागोपाठ तीन फेऱ्या निर्दोष गेल्या तर दिवा आपोआप मालवतो. पण त्याची नोंद पुढें कांहीं दिवस आंत शिल्लक राहते.

परत आल्यावर आम्ही गाडी एका मोठ्या, चकचकीत दुकानीं नेली. तेथें स्टिअरिंगच्या खालच्या बाजूस असलेल्या सोळा खांचांच्या सॉकेटास स्कॅनर जोडून दोन आंकडे काढण्यांत आले : पी-०३०३ आणि पी-०४२०. पहिल्याचा अर्थ, तिसऱ्या सिलिंडरांत स्फोट हुकत आहे. गॅरेजच्या भाषेंत गाडी 'मिसिंग' मारते. दुसऱ्याचा अर्थ, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचें काम अपुरें पडत आहे. हे आंकडे मिळतांच तेथील गृहस्थांनीं कागद पुढें केला : कन्व्हर्टर नवा, त्याचे ४२,००० रुपये, शिवाय प्लग, कॉइल, इंजेक्टर निराळे. आम्हीं विचारलें, "कन्व्हर्टर बिघडला हें आपण कशावरून ठरविलें?" ते म्हणाले, "मशीनच सांगतें आहे ना, सर."

आम्ही न्यायशास्त्राचे पंडित नव्हों. पण धुरावरून अग्नीचें अनुमान करण्याचा पाठ आमच्या पाठशाळेंतील गुरुजींनीं आमच्याकडून चांगला घोकून घेतला होता. डोंगरावर धूर दिसला तर तेथें अग्नि आहे असें म्हणतां येतें, कारण अग्नीवांचून धूर होत नाहीं. परंतु अंगण ओलें दिसलें एवढ्यावरून पाऊस पडला असें म्हणतां येत नाहीं; कोणीं सडा घातला असेल, टांकी भरून वाहिली असेल. एका कार्यास अनेक कारणें संभवत असलीं म्हणजे हेतु व्यभिचारी होतो. आंकड्याचें तसेंच आहे. कन्व्हर्टरच्या पुढें एक आणि मागें एक असे दोन ऑक्सिजन-सेन्सर असतात. पुढचा सारखा वरखालीं होतो, मागचा शांत असावा लागतो. मागचाही पुढच्यासारखा नाचूं लागला कीं यंत्र ०४२० लिहितें. पण मागचा सेन्सर नाचण्यास कन्व्हर्टरच मेलेला असावा लागतो असें नाहीं. सेन्सर स्वतः बिघडलेला असेल, धुराच्या नळीस भेग पडून बाहेरची हवा आंत येत असेल, किंवा इंजिनांतूनच न जळलेलें पेट्रोल वाहत येत असेल. आम्हीं कागद घडी करून खिशांत ठेविला आणि निघालों.

भांडुपाच्या बाजूस लालबहादुर शास्त्री मार्गालगतच्या एका गल्लींत एक वृद्ध मिस्त्री आहेत. त्यांची नात आमच्या हाताखालीं शिकली, एवढीच ओळख. धाकट्या चिरंजीवांस बरोबर घेऊन आम्ही त्यांच्याकडे गेलों. त्यांनीं दोन्ही आंकडे पाहिले आणि म्हणाले, "मास्तर, आधीं तीनशेंतीनचें बघूं. चारशेंवीस बहुतेक त्याचंच पोर आहे. बापाला सोडून पोराला कशाला मारायचं?"

मग त्यांनीं जें केलें तें पाहून आम्हांस आयुर्वेदाची आठवण झाली. रोग ओळखण्याचीं पांच साधनें आपल्या वैद्यकांत सांगितलेलीं आहेत, आणि माधवनिदानाचा आरंभच त्यांनीं होतो : निदान म्हणजे कारण, पूर्वरूप म्हणजे आधींचीं अस्पष्ट चिन्हें, रूप म्हणजे प्रकट लक्षणें, उपशय म्हणजे उपचार करून पाहून घेतलेला पडताळा, आणि संप्राप्ति म्हणजे रोग कसकसा वाढत गेला त्याचा क्रम. यांपैकीं रूप तर आम्हीं घाटांत पाहिलेंच होतें.

उपशय मिस्त्रींनीं आमच्यादेखत केला. प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर एकेक कॉइल असते. बॅटरीचे बारा व्होल्ट वाढवून ती त्यांचे कित्येक हजार करते, तेव्हां कोठें प्लगाच्या टोंकाशीं ठिणगी पडते. मिस्त्रींनीं तिसऱ्या सिलिंडरची कॉइल पहिल्यावर बसविली आणि पहिल्याची तिसऱ्यावर. बाकी कशास हात लावला नाहीं. गाडी भांडुपाहून पवईच्या चढावर नेऊन आणली आणि स्कॅनर पुन्हां जोडला. आतां आंकडा आला पी-०३०१. म्हणजे दोष कॉइलच्या पाठोपाठ पहिल्या घरीं गेला. तो तिसऱ्यांतच राहिला असता, तर प्लग, इंजेक्टर किंवा खुद्द सिलिंडर यांचा विचार करावा लागला असता. या परीक्षेस एक नवा पैसा लागला नाहीं.

तरीही मिस्त्री थांबले नाहींत. त्यांनीं चारही प्लग काढून आमच्या तळहातावर ठेविले. टोंकें झिजून त्यांतील फट वाढली होती. साध्या प्लगांचें आयुष्य बहुधा तीस-चाळीस हजार किलोमीटरांचें; हे त्याच्या पुष्कळ पुढें गेले होते. फट वाढली म्हणजे ठिणगीस अधिक दाब लागतो, तो पुरवितां पुरवितां कॉइल तापते, तिचें आवरण फुटतें आणि ठिणगी भलत्याच वाटेनें निसटते. चढावर सिलिंडरांतील मिश्रण अधिक दाटतें, ठिणगीस आणखी जोर लागतो. म्हणूनच आमची गाडी सपाटीवर गप्प होती आणि घाटांत झटके देऊं लागली. स्फोट हुकला कीं पेट्रोल न जळतां कन्व्हर्टरांत जातें आणि तेथें जळतें. त्यांतील प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम हे मोलाचे धातु ज्या जाळीवर बसविलेले असतात, ती जाळी त्या उष्णतेनें वितळूं शकते. लुकलुकणारा दिवा याचसाठीं असतो. झिजलेले प्लग हें निदान आणि हा सर्व क्रम म्हणजे संप्राप्ति. केवळ कॉइल बदलली असती तर नवी कॉइलही त्याच वाटेनें गेली असती. आणि केवळ कन्व्हर्टर बदलला असता तर ४२,००० रुपयांचा नवा कन्व्हर्टर थोड्याच दिवसांत जुन्यासारखा झाला असता.

राहिलें पूर्वरूप. तें विचारतांना मिस्त्रींनीं स्कॅनर आमच्यापुढें धरला. "हें बघा, मास्तर. खुणा पुसल्यावर गाडी चारशेंतीस किलोमीटर चालली, असं दाखवतो आहे. नाशिकला जायच्या आधींच कुणीतरी पाटी पुसली आहे."

आम्हीं म्हटलें, "आमच्या घरीं असें कोण करील?" आणि वळून पाहिलें तों धाकटे चिरंजीव मान खालीं घालून उभे.

हकीकत अशी होती. प्रवासाच्या पंधरा दिवस आधींच दिवा लागला होता. चिरंजीवांनीं तळहातावर मावेल असा एक छोटा स्कॅनर विकत आणून ठेविला आहे. त्यानें आंकडा पाहिला आणि बटण दाबून पुसून टाकला. दिवा मालवला. शहरांतील संथ रहदारींत कॉइलवर भार पडत नव्हता, म्हणून तो पुन्हां लागलाही नाहीं. पुसतांना आंकड्याबरोबर, पहिला बिघाड झाला त्या क्षणीं इंजिनाचा वेग किती, भार किती, उष्णता किती, अशी जी नोंद यंत्र जपून ठेवतें तीही पुसली गेली. पाटी पुसली म्हणजे मुलाचें उत्तर चुकलें एवढेंच नव्हे, कोठें चुकलें हेंही कळेनासें होतें.

आम्हीं रागानें विचारलें, "अरे, पण सांगितलें कां नाहींस?" तेव्हां ते म्हणाले, "अण्णा, सकाळीं गाडी थरथरते, पेट्रोलही जास्त जातें, प्लग बदलूं या, असें मीं दिवाळीपूर्वीं म्हटलें होतें. आपण म्हणालांत, चालतें आहे तोंवर चालूं दे. आतां दिव्याचें सांगितलें तर मावशीआजींकडे जाण्याचा बेतच आपण रद्द कराल, असें वाटलें."

आमचा राग जागच्या जागीं विरला. पूर्वरूप आमच्या कानांवर आलें होतें, आणि तें पुसून टाकणारे पहिले आम्हीच होतों. चिरंजीवांनीं बटण दाबलें; आम्हीं तेंच एका वाक्यानें केलें. त्यांची चूक लहान नव्हे, कारण त्या गाडींत घरचीं पांच माणसें घाट चढत होतीं. पण जेथें तक्रार सांगितली कीं ती हिशेबाच्या वहींत खर्च म्हणून पडते, तेथें मुलें दिवे मालवूं लागतात.

नवी कॉइल १,९०० रुपये, चार प्लग ६४० रुपये, मजुरी ५०० रुपये, एकूण ३,०४०. मिस्त्रींनीं नोंदी आतां पुसल्या, कारण आतां पुसण्याचा अधिकार आला होता. आणि आठ दिवस गाडी चालवून पुन्हां दाखवावयास सांगितलें. आठ दिवसांनीं पाहिलें, तर ०३०३ नाहीं, ०४२० ही नाहीं. पोर बापाबरोबर निघून गेलें होतें.

वाचकांस यांतून व्यवहारोपयोगी एवढेंच सांगावयाचें. तेलाचा अगर उष्णतेचा तांबडा दिवा लागल्यास गाडी सुरक्षित जागीं थांबवून इंजिन बंद करावें. पिवळा दिवा लुकलुकत असेल तर भार ताबडतोब कमी करावा, आणि झटके थांबत नसतील तर पुढें जाऊं नये. तो स्थिर असेल तर घाबरूं नये, परंतु कांहीं दिवसांच्या आंत तपासून घ्यावा. दुकानीं गेल्यावर आंकडे पुसण्यापूर्वीं कागदावर लिहून मागावेत. कोणताही भाग बदलण्यास सांगितला कीं, "हा भागच सदोष आहे याचा पडताळा कसा घेतला?" असा प्रश्न नम्रपणें विचारावा, चांगला कारागीर त्या प्रश्नानें रागावत नाहीं, उलट खुलतो. काढलेला जुना भाग परत मागावा. आणि आंकडा हें सूत्र आहे, त्यावरील भाष्य माणसानेंच करावयाचें आहे, हें विसरूं नये.

त्या रात्रीं जेवतांना आम्हीं हा सर्व वृत्तांत घरांत सांगितला. चिरंजीवांस बोललों नाहीं. आमची चूक मात्र सर्वांसमक्ष कबूल केली. आमचें कुटुंब कांहीं न बोलतां ऐकत होतें. दुसरे दिवशीं सकाळीं त्यांनीं सूनबाईंस हळूच म्हटलें, "मला जरा डॉक्टरांकडे नेशील का?" दोन महिने त्यांचें डोकें दुखत होतें, जिना चढतांना धाप लागत होती. डोकेदुखीची गोळी घेऊन त्या कामास लागत, आणि समारंभ पार पडेपर्यंत कोणास सांगावयाचें नाहीं असें त्यांनीं ठरविलें होतें. रक्तदाब पुष्कळ वाढलेला निघाला. औषध सुरू झालें असून आतां प्रकृतीस उतार आहे.

गाडीच्या कप्प्यांत आम्हीं एक वही ठेविली आहे. कोणास कांहीं वेगळें जाणवलें, आवाज, थरथर, वास, दिवा, तर त्यानें तारीख घालून लिहावें, आणि वाचणाऱ्यानें पैशांचा प्रश्न त्या दिवशीं काढूं नये, असा नियम केला आहे. पहिली नोंद धाकट्या चिरंजीवांच्या हातची आहे. तशीच दुसरी एक वही स्वयंपाकघरांत आहे. तींत पहिली नोंद आमच्या कुटुंबानें करावी म्हणून आम्ही अजून वाट पाहत आहों.